हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक सोडा: आधी उत्पादित ठरवा, मग समीकरण जुळवा

प्रश्न असा आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) यांच्या अभिक्रियेचं समीकरण संतुलित करायचं आहे, पण उजव्या बाजूला काय लिहायचं इथेच गाडी अडली आहे. एका ठिकाणी सोडियम पेरॉक्साइड आणि पाणी लिहिलेलं सापडलं, दुसऱ्या ठिकाणी सोडियम हायड्रोपेरॉक्साइड आणि पाणी. तिसऱ्याने सांगितलं की प्रत्यक्षात नुसता ऑक्सिजन निघतो. प्रश्नकर्त्याने मग सगळं एकाच समीकरणात घालून पाहिलं, तर दर वेळी वेगळे सहगुणक (पदार्थांच्या पुढे लिहायचे आकडे) आले आणि दर वेळी दोन्हीकडचे अणू जुळले. मग खरं कोणतं?

तुमची मोजणी बरोबर आहे. घोळ मोजणीच्या आधीच झालेला आहे. संतुलन ही शेवटची पायरी असते. त्याआधी भांड्यात नेमकं काय तयार होतं हे ठरवावं लागतं, आणि ते कागदावरच्या अणूंकडे बघून ठरत नाही. या जोडीच्या बाबतीत तर ते द्रावणाची तीव्रता, दोघांचं प्रमाण, तापमान आणि द्रावणातली अशुद्धी या सगळ्यांवर अवलंबून असतं. माझं काम सुती कापडाच्या विरंजनाचं, म्हणजे ब्लीचिंगचं. त्यात ही दोन्ही रसायनं रोज एकाच द्रावणात असतात, त्यामुळे यांचं आपसात कसं चालतं ते मी बऱ्यापैकी ओळखते. खाली सूत्रांऐवजी पूर्ण नावं लिहिते आणि गरज पडेल तिथे अणू मोजून दाखवते.

सुरुवात हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूपासून करू. त्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येकाला एकेक हायड्रोजन. हे संयुग ऑक्सिडीकारक आणि जंतुनाशक म्हणून सगळ्यांना माहीत असतं, पण ते एक सौम्य आम्लही आहे ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन सोडून गेल्यावर उरलेला ऋण प्रभार एकट्या ऑक्सिजनला सांभाळावा लागतो. पेरॉक्साइडमध्ये शेजारी दुसरा ऑक्सिजन असतो आणि तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून हायड्रोजन सुटणं थोडं सोपं होतं. २५ अंश सेल्सिअसला त्याचा पीकेए (आम्लाचं बळ सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ११.६ च्या आसपास आहे. ॲसेटिक आम्लाचा ४.७६ आहे, म्हणजे त्याच्यापुढे पेरॉक्साइड फारच दुबळं. पण कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली समोर आला की हे दुबळं आम्लही प्रोटॉन सोडतं. म्हणून पहिली आणि मुख्य अभिक्रिया साधी उदासिनीकरणाची आहे:

हायड्रोजन पेरॉक्साइड + सोडियम हायड्रॉक्साइड ⇌ सोडियम हायड्रोपेरॉक्साइड + पाणी

सगळे सहगुणक १. मोजून बघा. डावीकडे पेरॉक्साइडचे २ आणि हायड्रॉक्साइडचा १ असे ३ हायड्रोजन, ऑक्सिजनही २ अधिक १ म्हणजे ३, आणि सोडियम १. उजवीकडे हायड्रोपेरॉक्साइडमध्ये १ सोडियम, १ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन. पाण्यात २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. बेरीज तीच. वस्तुमानाने ताडा: ३४ ग्रॅम पेरॉक्साइड आणि ४० ग्रॅम कॉस्टिक मिळून ७४, तिकडे ५६ आणि १८ मिळून ७४.

इथे एका बाजूचा बाण न काढता दुहेरी बाण काढला आहे, तो मुद्दाम. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक यांची अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते. इथे समतोल स्थिरांक (समतोलात उजव्या बाजूचं पारडं किती जड ते सांगणारा आकडा) दोनशेच्या पुढे आहे; म्हणजे कल स्पष्ट उजवीकडे आहे, पण डावी बाजू संपत नाही. समजा ०.१ मोलर पेरॉक्साइड आणि तेवढंच कॉस्टिक असलेलं द्रावण घेतलं. हिशेब केला तर साधारण ८२ टक्के पेरॉक्साइड हायड्रोपेरॉक्साइड आयन होतं आणि बाकीचं तसंच राहतं. कॉस्टिक वाढवलं तर हा आकडा चढतो. पीएच १०.६ असताना जेमतेम ९ टक्के, ११.६ ला निम्मं, १२.६ ला ९१ टक्के. एकास एक हे समीकरणातलं प्रमाण आहे. प्रत्यक्षात किती पेरॉक्साइडचं रूपांतर झालं ते पीएच सांगतो.

आता सोडियम पेरॉक्साइडचं समीकरण. तेही जुळतं:

हायड्रोजन पेरॉक्साइड + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम पेरॉक्साइड + २ पाणी

४ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन, २ सोडियम, दोन्हीकडे सारखे. पेरॉक्साइडचे दोन्ही हायड्रोजन काढून घेतले की हेच मिळायला हवं, आणि सल्फ्युरिक आम्लाला दोन कॉस्टिक लागतात या सवयीने आपण ते बिनदिक्कत लिहून टाकतो. पण दुसरा हायड्रोजन काढल्यावर उरणारा पेरॉक्साइड आयन इतका तीव्र आम्लारी आहे की आजूबाजूच्या पाण्याकडूनच तो प्रोटॉन ओढून घेतो. कोरडं सोडियम पेरॉक्साइड पाण्यात टाकलं की नेमकी वरची अभिक्रिया उलटी होते: कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड परत मिळतात, भरपूर उष्णतेसह. म्हणून विरल जलीय द्रावणात हे समीकरण डावीकडून उजवीकडे लिहिणं म्हणजे अणू जुळलेले पण घडत नसलेली गोष्ट लिहिणं.

याला एक अपवाद आहे. तीव्र कॉस्टिक आणि पेरॉक्साइडची द्रावणं चांगली थंड करून मिसळली तर सोडियम पेरॉक्साइडचे स्फटिक खाली बसतात, प्रत्येक रेणूमागे ८ पाण्याचे रेणू घेऊन. घन पदार्थ द्रावणातून बाहेर पडत राहतो, त्यामुळे समतोल तिकडे ओढला जातो. तेव्हा दुसरं समीकरण खोटं नाही. त्याला थंड, तीव्र द्रावण आणि अवक्षेप ही अट लागते. अट लिहिली की ते बरोबर. त्या वेळी स्फटिकातलं पाणीही मोजायला हवं: उजवीकडे अष्टजलीय सोडियम पेरॉक्साइड लिहिलं तर डावीकडे ६ पाणी वाढवावं लागतं.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण ती वह्यांमध्ये फार दिसते. सोडियम पेरॉक्साइडच्या सूत्रात २ सोडियम आणि २ ऑक्सिजन असतात, म्हणून काही जण दोनाने भागून एकास एक करून टाकतात. तसं करायचं नाही. ते दोन ऑक्सिजन एकमेकांना बांधलेले आहेत, ती जोडी हाच एक आयन आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. संतुलन करताना पुढचे सहगुणक बदलायचे, सूत्रातले खालचे आकडे कधीच नाही. तिथे हात लावला की पदार्थच बदलतो.

सोडियम पेरॉक्साइडसारख्या मिठांचा (म्हणजे आम्ल आणि आम्लारीपासून बनणाऱ्या क्षारांचा) आणि आम्लाचा संबंध उलट दिशेने बघितला तर जास्त नीट कळतो. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्यांदा तयार केलं ते बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून. तीव्र आम्लाने दुबळ्या आम्लाला त्याच्या मिठातून बाहेर काढलं. म्हणजे धातूंची पेरॉक्साइडं ही हायड्रोजन पेरॉक्साइडची मिठंच आहेत. तुमचा प्रश्न म्हणजे तीच वाट दुसऱ्या टोकाकडून.

आता ऑक्सिजनकडे येते, कारण तुमचा खरा गुंता तिथे झाला आहे. बुडबुडे येतात हे खरं आहे. पण तो ऑक्सिजन वरच्या अभिक्रियेतून येत नाही. तो पेरॉक्साइडच्या अपघटनातून येतो:

२ हायड्रोजन पेरॉक्साइड → २ पाणी + ऑक्सिजन

यात सोडियम हायड्रॉक्साइड कुठेच नाही. असलंच तर बाणाच्या डोक्यावर, उत्प्रेरक म्हणून. अल्कलीमुळे अपघटन वेगात होतं ते कसं, ते दोन पायऱ्यांत लिहिता येतं. पहिल्या पायरीत पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून हायड्रोपेरॉक्साइड आयन आणि पाणी. दुसरीत तो हायड्रोपेरॉक्साइड आयन शिल्लक पेरॉक्साइडच्या रेणूशी भिडतो आणि हायड्रॉक्साइड आयन, पाणी व ऑक्सिजन मिळतात. दोन्ही पायऱ्यांची बेरीज केली की हायड्रॉक्साइड आणि हायड्रोपेरॉक्साइड दोन्हीकडून कटतात आणि वरचं अपघटन जसंच्या तसं उरतं. दुसऱ्या पायरीला दोन्ही रूपं हजर लागतात, एक आयन आणि एक अखंड रेणू. म्हणून अपघटनाचा वेग पीकेएच्या आसपास, म्हणजे दोन्ही रूपं जवळपास निम्मी-निम्मी असताना, सगळ्यात जास्त दिसतो. त्याहून फार अल्कली वाढवली तर तो पुन्हा उतरू शकतो.

ही दोन पायऱ्यांची मांडणी हिशेबासाठी चांगली आहे, पण प्रत्यक्ष द्रावणात बराचसा वेग लोह, तांबं, मँगनीज यांच्या अंशमात्र अशुद्धीमुळे येतो. ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये थोडं कॉस्टिक घालून काचेचा बीकर उजेडात धरून पाहा. स्वच्छ काचेवर बारीक बुडबुडे हळूहळू जमतात, मुख्यतः ओरखड्यांवर. गंजाचा एक कण आत पडला तर त्या एका जागेवरून बुडबुड्यांची सलग दोरी वर निघते आणि बाकीचं द्रावण तुलनेने शांत असतं. कापडात लोखंडाचा कण अडकलेला असेल तर विरंजनात नेमक्या त्याच जागी धागा खाल्ला जाऊन भोक पडतं. म्हणून आम्ही विरंजनाच्या कुंडात सोडियम सिलिकेटसारखं स्थिरक (अपघटन आवरणारं रसायन) घालतो आणि पीएच साधारण १०.५ ते ११ च्या दरम्यान ठेवतो. हायड्रोपेरॉक्साइड आयन तयार व्हावा, कारण रंगद्रव्यावर हल्ला तोच करतो, पण पेरॉक्साइड ऑक्सिजन होऊन उडून जाऊ नये. म्हणजे पहिली अभिक्रिया हवी, तिसरी, म्हणजे अपघटनाची, नको. त्या एकत्र घडतात, पण त्या दोन वेगळ्या अभिक्रिया आहेत, आणि या कामात सारं कसब त्यांना वेगळं ठेवण्यात आहे.

तुम्ही मात्र त्या दोघींना एकाच समीकरणात कोंबलंत. बघा काय होतं ते. उजवीकडे सोडियम हायड्रोपेरॉक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लिहा. आता ३ पेरॉक्साइड आणि १ कॉस्टिक घेतलं तर १ हायड्रोपेरॉक्साइड, ३ पाणी, १ ऑक्सिजन. डावीकडे ७ हायड्रोजन आणि ७ ऑक्सिजन, उजवीकडेही तेवढेच. ठीक. आता ५ पेरॉक्साइड आणि १ कॉस्टिक घ्या: १ हायड्रोपेरॉक्साइड, ५ पाणी, २ ऑक्सिजन. तेही जुळलं, ११ आणि ११. सात घ्या, नऊ घ्या, हवं तिथपर्यंत जा. कारण पहिल्या समीकरणात तुम्ही दर वेळी अपघटनाचं समीकरण आणखी एकदा मिळवताय. एक संतुलित समीकरण अधिक दुसरं संतुलित समीकरण, उत्तर संतुलितच येणार. कितीदा मिळवायचं यावर अणूंचं काही बंधन नाही. किती पेरॉक्साइड फुकट गेलं हे बीकरमधला वेग ठरवतो, आणि ते आज एक तर उद्या दुसरं असू शकतं.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. समीकरणातले एकूण पदार्थ मोजा, त्यांत किती मूलद्रव्यं आहेत ती मोजा, वजाबाकी करा. पहिल्या समीकरणात ४ पदार्थ आणि ३ मूलद्रव्यं, फरक १: एकच स्वतंत्र अभिक्रिया, सहगुणक ठाम. तुमच्या खिचडी समीकरणात ५ पदार्थ आणि ३ मूलद्रव्यं, फरक २: दोन स्वतंत्र अभिक्रिया एकत्र अडकल्या आहेत. एखादा गट, उदाहरणार्थ अमोनियम, दोन्ही बाजूंना अखंड राहत असेल तर तो एकच मूलद्रव्य धरा. फरक एकापेक्षा जास्त आला की संतुलन थांबवा आणि रसायनशास्त्राकडे वळा, कारण आता निव्वळ अणू मोजून उत्तर मिळणार नाही.

याचंच जास्त फसवं रूप पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात, म्हणजे त्याचं द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढताना, भेटतं. पेरॉक्साइडची तीव्रता मोजायला आम्ही तेच वापरतो. आम्लयुक्त पेरॉक्साइडमध्ये परमँगनेटचा पहिला थेंब पडला की गुलाबी रंग काही क्षण तसाच राहतो, पुढचे थेंब पडता पडता नाहीसे होतात. कारण तयार होणारं मँगनीजच अभिक्रियेला वेग देतं. याचं खरं समीकरण:

२ पोटॅशियम परमँगनेट + ५ हायड्रोजन पेरॉक्साइड + ३ सल्फ्युरिक आम्ल → पोटॅशियम सल्फेट + २ मँगनीज सल्फेट + ८ पाणी + ५ ऑक्सिजन

पण ५ च्या जागी १ पेरॉक्साइड, ८ च्या जागी ४ पाणी आणि ५ च्या जागी ३ ऑक्सिजन लिहून बघा. अणू तंतोतंत जुळतात आणि समीकरण साफ चुकीचं असतं. पदार्थ ७, मूलद्रव्यं ५, फरक पुन्हा २. इथे सोडवणूक इलेक्ट्रॉन करतात. मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर येतं, म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतं. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन उणे १ वरून शून्यावर जातो, एका रेणूमागे २ इलेक्ट्रॉन. म्हणून २ परमँगनेटला ५ पेरॉक्साइड, दुसरा पर्याय नाही. चुकीच्या समीकरणाने तीव्रता काढली असती तर ती खऱ्याच्या एक पंचमांश आली असती, आणि त्या आकड्यावर कुंड भरलं असतं तर कापडाचं काय झालं असतं याचा विचारही नको.

तोच इलेक्ट्रॉनचा हिशेब तुमच्या प्रश्नाला लावा. सोडियम हायड्रोपेरॉक्साइड तयार होताना ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन क्रमांक उणे १ होता, उणे १ च राहिला. इलेक्ट्रॉन हललेच नाहीत, फक्त प्रोटॉन इकडून तिकडे गेला. सोडियम पेरॉक्साइडचंही तसंच. अपघटनात मात्र अर्धे ऑक्सिजन उणे २ वर उतरतात आणि अर्धे शून्यावर चढतात. ती रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीची अभिक्रिया आहे, आणि तिच्यात ऑक्सिडीकारकही (इलेक्ट्रॉन घेणारा) पेरॉक्साइड, क्षपणकही (इलेक्ट्रॉन देणारा) पेरॉक्साइड. एक आम्ल-आम्लारी अभिक्रिया आणि एक रेडॉक्स अभिक्रिया, त्यांना एका ओळीत लिहायचं कारणच नाही.

मग उत्तरपत्रिकेत काय लिहायचं? प्रश्नात उत्पादित दिलं असेल तर दिलेल्याच समीकरणाचं संतुलन करा: सोडियम पेरॉक्साइड दिलं असेल तर १, २, १, २. उत्पादित दिलं नसेल आणि जलीय द्रावण म्हटलं असेल तर सोडियम हायड्रोपेरॉक्साइड, सगळे सहगुणक १, दुहेरी बाण. वायू बाहेर पडतो असं म्हटलं असेल किंवा गरम केल्याचा उल्लेख असेल तर अपघटन लिहा आणि सोडियम हायड्रॉक्साइड बाणावर ठेवा. शंका असेल तर पहिलं आणि तिसरं अशी दोन समीकरणं वेगवेगळ्या ओळींत लिहून बाजूला एका वाक्यात कारण द्या. मी तपासत असते तर अशा उत्तराला पूर्ण गुण दिले असते.

हे प्रत्यक्ष करून बघायचा विचार असेल तर एक हिशेब आधी करा. अपघटनात पेरॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ९८ किलोज्यूल उष्णता निघते. ३ टक्क्यांच्या १ किलो द्रावणात ०.८८ मोल पेरॉक्साइड, म्हणजे सगळं फुटलं तरी तापमान साधारण २० अंशांनी वाढेल. ३० टक्क्यांच्या १ किलोत ८.८ मोल, म्हणजे साडेआठशे किलोज्यूलच्या वर. आणि १ किलो पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे ३० टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये कॉस्टिक टाकलं आणि अपघटन सुटलं, तर ते स्वतःच्याच उष्णतेने आणखी वेग घेतं, उकळतं आणि कॉस्टिकसकट अंगावर उडतं. प्रयोग ३ टक्क्यांच्या द्रावणातच करा, कॉस्टिक आधी पाण्यात विरघळवून थंड करून थेंबाथेंबाने घाला, चष्मा आणि हातमोजे घाला. भांडं उघडंच ठेवा: ३ टक्क्यांच्या १०० मिलिलिटरमधून जवळपास १ लिटर ऑक्सिजन निघतो, झाकण घट्ट लावलेली बाटली तेवढा दाब सहन करत नाही. काम झाल्यावर द्रावण भरपूर पाण्याने पातळ करून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत उघडं राहू द्या, आणि नंतरच सौम्य आम्लाने उदासीन करून टाका.